हलकं पाकीट घरी बनवायचंय? आधी घडी बघा

माझं जुनं चामड्याचं पाकीट एकदा रिकामं करून स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवलं. ७४ ग्रॅम. मग त्यातली सहा कार्डं ठेवली. ३१ ग्रॅम. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हेच. त्यानंतर गेल्या काही वर्षांत मी लिफाफ्याचं, तंबूच्या कापडाचं, चिकटपट्टीचं, पातळ चामड्याचं अशी डझनभर पाकिटं बनवली. त्यातली बरीच बिघडली, पण वजनामुळे एकही बिघडलं नाही. वजन कमी करणं हा या कामातला सगळ्यात सोपा भाग आहे. पाकीट मरतं ते घडीवर, काठावर आणि कोपऱ्यात. म्हणून कच्चा माल निवडताना तिथून सुरुवात करायची.

तरी वजनाचा हिशोब एकदा कागदावर मांडू, म्हणजे तो विषय डोक्यातून जाईल.

मधे एकदा दुमडणारं साधं पाकीट घ्या. नोटांचा कप्पा होण्यासाठी बाहेरचा आणि आतला असे दोन मोठे तुकडे लागतात, समजा २० बाय ९.५ सेंटीमीटरचे. कार्डांचे चार कप्पे, प्रत्येकी ९.५ बाय ६. सगळं मिळून सुमारे ६०० चौरस सेंटीमीटर, म्हणजे ०.०६ चौरस मीटर. आता कापडाचं किंवा कागदाचं वजन ज्या मापात सांगतात ते जीएसएम, म्हणजे एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन, त्याने गुणायचं. एक मिलिमीटर जाडीचं चामडं साधारण ८०० जीएसएम भरतं, म्हणून पाकीट ४८ ग्रॅमचं. दप्तरांसाठी वापरतात ते ५०० डेनियरचं कॉर्ड्युरा २५०च्या आसपास, पाकीट १५ ग्रॅमचं. टायवेक, म्हणजे लिफाफ्यांसाठी वापरतात ते कागदासारखं दिसणारं प्लास्टिक, त्याचा जाडसर प्रकार ७५, पाकीट साडेचार ग्रॅमचं. आणि हलक्या सामानाच्या वेड्यांचं लाडकं, शिडांसाठी आलेलं डायनीमा कॉम्पोझिट नावाचं कापड, त्याचा एक औंसवाला प्रकार ३४, पाकीट फक्त दोन ग्रॅमचं.

चामड्याकडून कॉर्ड्युराकडे आलात तर ३३ ग्रॅम वाचले. टायवेकवरून डायनीमावर गेलात तर अडीच. एका बँकेच्या कार्डाचं वजन पाच ग्रॅम असतं. म्हणजे महागड्या कापडाने जे वाचतं त्याच्या दुप्पट, कधीच न लागणारं एक कार्ड घरी ठेवल्याने वाचतं. म्हणून ५० ग्रॅमवरून १० वर येण्यासाठी जरूर धडपडा, पण ५ वरून २ वर येण्यासाठी जीव टाकू नका.

मापांची एक गंमत इथेच सांगून टाकतो, कारण तिने मला एकदा चांगलंच फसवलं होतं. चामडंही औंसात मोजतात आणि कापडही, पण ते दोन औंस वेगळे. कापडाचा औंस एका चौरस यार्डाचा, तर चामड्याचा एका चौरस फुटाचा. एका यार्डात तीन फूट, म्हणून एका चौरस यार्डात नऊ चौरस फूट. ‘दोन औंस’ चामडं ‘दोन औंस’ कापडाच्या नऊपट जड असतं. चामड्याचा औंस खरं तर जाडी सांगायलाच वापरतात, एक औंस म्हणजे साधारण ०.४ मिलिमीटर. आणि डेनियर हे कापडाचं माप नाहीच, ते धाग्याचं. नऊ हजार मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन म्हणजे डेनियर. ५०० डेनियर म्हटलं की धागा किती जाड ते कळतं. विण किती दाट आणि वरचा लेप किती जाड, ते त्यातून कळत नाही.

जाडी

खिशात टोचतं ते वजन नव्हे, जाडी. कार्डाचं माप आंतरराष्ट्रीय मानकाने बांधलेलं आहे: ८५.६० बाय ५३.९८ मिलिमीटर, जाडी ०.७६. सहा कार्डं म्हणजे साडेचार मिलिमीटर. ते कमी होणार नाही. कमी होऊ शकतात ते कार्डांमधले थर.

वरच्याच पाकिटाचे थर मोजा. एका बाजूला बाहेरचा तुकडा, आतला तुकडा आणि दोन कप्प्यांचे दोन, असे चार. पाकीट मिटलं की आठ. एक मिलिमीटरच्या चामड्याचे आठ थर म्हणजे आठ मिलिमीटर, एकही कार्ड न ठेवता. टायवेकचा थर ०.२ मिलिमीटरच्या आत असतो, तेव्हा आठ थर मिळून दीड. माझं जुनं पाकीट पुस्तकासारखं का फुगायचं, ते हा गुणाकार केल्यावर कळलं.

पण म्हणून चामडं बाद होत नाही. चामड्याचं काम करणारे कारागीर कार्डांचे कप्पे पूर्ण उंचीचे कापत नाहीत. मागचा कप्पा इंग्रजी टी अक्षरासारखा कापतात. वरची पट्टी रुंद, खालची अरुंद, म्हणजे कडेच्या शिवणीत तळापर्यंत थरावर थर चढत नाहीत. शिवाय काठ आतून तासून निम्म्या जाडीचे करतात. आणि जो भाग डोळ्यांना दिसतच नाही तिथे चामड्याऐवजी पातळ कापड लावतात. हा शेवटचा उपाय तर घरी करणाऱ्याने डोळे झाकून उचलावा. पाकीट एकाच मालाचं असावं असा काही नियम नाही. बाहेर एक मिलिमीटरचं चामडं, आत सगळं नायलॉन, आणि पाकीट निम्मं जाड.

घडी

आता मुख्य मुद्दा. पाकीट दिवसातून सहा वेळा उघडलं तर वर्षाला सुमारे २,२०० वेळा तीच रेघ दुमडते. माल कोणताही असो, एकाच रेघेवर हजारो वेळा दुमडलेल्या वस्तूचं काय होतं ते पातळ पत्रा हातात घेऊन बघा.

डायनीमा कॉम्पोझिटचं उदाहरण बोलकं आहे. पूर्वी याला क्यूबेन फायबर म्हणत, आणि ते मुळात शर्यतीच्या होड्यांच्या शिडांसाठी आलं. विणलेलं कापड नाही हे. अतिशय मजबूत पॉलिथिलिनचे तंतू समांतर मांडून पॉलिस्टरच्या दोन पातळ फिल्म्समध्ये दाबलेले असतात, सँडविचसारखे. ओढलं तर तुटत नाही, पाणी शिरत नाही, ताणलं तर लांबत नाही. शिडाला आणखी काय हवं? पण पाकिटाला कुणी तसं ओढतच नाही. पाकिटाला दुमडतात, घासतात, त्यावर बसतात. आणि इथे त्या फिल्मचं काही चालत नाही. घडीच्या रेघेवर ती आधी पांढुरकी होते, मग बारीक भोकं पडतात, मग थर सुटायला लागतात. तंतू शाबूतच असतात, फक्त त्यांना धरून ठेवणारं काही उरत नाही. हे कापड वापरायचंच असेल तर ज्याच्या एका बाजूला विणलेलं पॉलिस्टर चिकटवलेलं आहे तो प्रकार घ्या. जड आहे, पण घासणं सोसतो.

टायवेकचं उलट. १९५५ मध्ये डुपॉन्ट कंपनीच्या प्रयोगशाळेत जिम व्हाइट नावाच्या संशोधकाला एका नळीतून पॉलिथिलिनचा पांढरा कापसासारखा लगदा बाहेर पडताना दिसला, आणि तिथून हा माल निघाला. बाजारात यायला १९६७ उजाडलं. अतिबारीक तंतू कसेही पसरायचे आणि उष्णता व दाब देऊन एकमेकांत जोडायचे, अशी याची रचना. उभे-आडवे धागे नसल्याने कोणत्याच दिशेला कच्चा नाही, आणि तंतू एकमेकांवर थोडे सरकू शकतात म्हणून घडीवर तडकत नाही. याचे दोन प्रकार असतात. एक कागदासारखा करकरीत, लिफाफ्यांचा. दुसरा मऊ, कापडासारखा, अंगभर घालायच्या संरक्षक पोशाखांचा. पाकिटाला पहिला. तुकडा कापण्याआधी तो मुठीत घेऊन दहा-बारा वेळा चांगला चुरगाळा. करकर जाते, सुरकुत्या बसतात, आणि हाताला तो सुती कापड आणि कागद यांच्या मधला कुठलासा लागतो. मला तर तो नव्यापेक्षा असाच आवडतो.

जाड मालात घडीचा आणखी एक प्रश्न येतो, आणि तो भूमितीचा आहे. दोन थर एकत्र दुमडले की बाहेरच्याला आतल्यापेक्षा लांबचा वळसा पडतो. किती लांबचा? पूर्ण घडी म्हणजे अर्धवर्तुळ, म्हणून दोन थरांमधल्या अंतराला ‘पाय’ने, म्हणजे ३.१४ ने, गुणायचं. अंतर एक मिलिमीटर असेल तर फरक ३.१४ मिलिमीटर. टायवेकमध्ये अंतर ०.२, फरक अर्ध्या मिलिमीटरच्या जरा वर, सोडून द्या. पण चामड्याचे दोन तुकडे सारख्याच लांबीचे कापून शिवलेत तर पाकीट मिटल्यावर आतला तुकडा घडीत गोळा होऊन बसतो. माझ्या पहिल्या चामडी पाकिटाच्या पोटात अशी एक कायमची वळी होती आणि नोट काढताना दर वेळी तिथे अडायची. उपाय सोपा: आतला तुकडा तीन ते पाच मिलिमीटर आखूड कापायचा. मग उघडलेलं पाकीट टेबलावर पूर्ण सपाट बसत नाही, किंचित कमान राहते. ते बरोबरच आहे.

काठ

विणलेल्या कापडाचा कापलेला काठ विरतो. धागे सुटतात, मग शिवण उसवते. ते टाळायला काठ दुमडून शिवायचा, म्हणजे जिथे एक थर होता तिथे दोन किंवा तीन झाले, आणि नेमके पाकिटाच्या कडेला, जिथे सगळे थर एकत्र येतात. पातळ कापड घेऊन जी जाडी वाचवली ती अशी परत येते.

यावर दोन वाटा. कापड शंभर टक्के नायलॉन किंवा पॉलिस्टर असेल तर काठ वितळवता येतो. मेणबत्तीच्या ज्योतीच्या कडेने, ज्योतीत नव्हे, काठ झरकन फिरवायचा. धाग्यांची टोकं वितळून एक बारीक कडक रेघ तयार होते. आधी चिंधीवर हात बसवा. एक क्षण जास्त झाला तर काठ आकसतो आणि तुकडा वाकडा होतो. दुसरी वाट म्हणजे मुळात न विरणारा माल घेणं: टायवेक, चामडं, किंवा मागून थर चिकटवलेली लॅमिनेटेड कापडं. मी ही दुसरी वाट धरतो. पण एक लक्षात ठेवा: टायवेकला ज्योत दाखवायची नाही आणि इस्त्रीही नाही. ते साधारण १३५ अंश सेल्सियसला वितळतं, आणि सुती कपड्यांवर लावलेली इस्त्री त्याच्या कितीतरी पुढे गेलेली असते.

आता कोपरा. कार्ड अंगठ्याने ढकलून काढता यावं म्हणून कप्प्याच्या तोंडाला खाच देतात. ती चौकोनी कापली तर आतल्या कोपऱ्यातून फाटायला सुरुवात होते, कारण सगळा ताण त्या एका टोकावर येऊन थांबतो. कात्रीने कोपरा गोल करायला जाल तर हमखास एखादी चीर पुढे जाते. त्यापेक्षा फायलीच्या पंचने आधी गोल भोक पाडा, मग त्या भोकापर्यंत सरळ काप घ्या. गोल कडेवर ताण पसरतो, फाटणं थांबतं. दोन मिनिटांचं काम आहे.

जोड: टाका की टेप

शिलाई मशिनवर टायवेक शिवताना आपण नकळत त्याचं पोस्टाचं तिकीट करतो. टाके फार जवळ पडले की भोकांची रांग तयार होते आणि पाकीट त्याच रेघेवर फाटतं. कापडावर पडलेलं भोक धागे सरकून जरा बुजतं, टायवेक आणि चामड्यात ते तसंच राहतं. म्हणून टाका तीन ते चार मिलिमीटरचा, सुई बारीक, दोरा पॉलिस्टरचा. आणि चुकलं तर उसवून पुन्हा त्याच जागी शिवायचं नाही.

चिकटवण्याची अडचण वेगळी. गोंद चिकटायचा तर आधी तो पृष्ठभागावर पसरायला हवा. मेण लावलेल्या गाडीवर पाण्याचे थेंब होतात तसं पॉलिथिलिनवर बहुतेक गोंदांचं होतं, ते पसरतच नाहीत. टायवेक पॉलिथिलिनचंच, पण त्याचा पृष्ठभाग तंतुमय, खडबडीत आहे. म्हणून त्यावर दोन्हीकडून चिकटणारी ॲक्रिलिक टेप चांगली पकडते. डायनीमा कॉम्पोझिटला बाहेरून पॉलिस्टरची फिल्म असते, तिथेही हीच टेप चालते. सिलिकॉनचा लेप असलेलं तंबूचं नायलॉन मात्र हट्टी. त्यावर फक्त सिलिकॉनच चिकटतं, बाकी काही नाही. ते घ्याल तर शिवायची तयारी ठेवा.

आणि त्या रुपेरी चिकटपट्टीच्या पाकिटाबद्दल, जे पहिल्यांदा सगळेच बनवतात. मीही बनवलं. महिनाभर झकास होतं. मग उन्हाळा आला. टेपचा गोंद म्हणजे अतिशय घट्ट द्रवच असतो, उष्णता आणि दाब मिळाला की हळूहळू वाहतो. खिशात दोन्ही मिळतात. काठांतून काळी चिकट रेघ बाहेर आली, तिला कापडाचा गाळ चिकटला, आणि शेवटी कार्डावर बोटांचे ठसे उमटायला लागले. नमुना म्हणून, मापं कळण्यासाठी ठीक. वापरायला नको.

आतल्या बाजूचा स्पर्श

कप्प्याचा आतला पृष्ठभाग किती गुळगुळीत हवा? सिलिकॉनचं नायलॉन इतकं निसरडं की पाकीट उलटं धरलं तर कार्डं पायाशी. उलट चामड्याची आतली लवदार बाजू कार्ड धरून ठेवते, पण नोट सरकवताना त्रास देते. कार्डाला थोडी पकड हवी, नोटेला नको. इथे माप मदतीला येतं. माल ताणत नसेल तर कप्प्याची आतली रुंदी कार्डाची रुंदी अधिक कार्डांची एकूण जाडी, आणि वर एक-दीड मिलिमीटर सैल. एका कार्डाला ८८, तीन कार्डांना साधारण ८९.५. चामडं वापराने सैलावतं, म्हणून त्यात सैल ठेवायचंच नाही. पहिला आठवडा कार्ड ओढून काढावं लागलं पाहिजे.

ओळखपत्र दिसावं म्हणून पारदर्शक खिडकी लावण्याचा मोह होतो. लावा, पण मऊ पीव्हीसी टाळा. पीव्हीसी मुळात कडक असतं. आपली कार्डंही बहुधा त्याचीच असतात. त्याची मऊ फिल्म करायला त्यात मऊ करणारं तेलकट द्रव्य घालतात, आणि ते द्रव्य आत थांबत नाही, शेजारच्या वस्तूत झिरपतं. माझ्या एका ओळखपत्रावरची अर्धी छपाई अशाच खिडकीला चिकटून निघून आली. कार्डावर फिकट फोटो, खिडकीवर उलटा फोटो. छपाईयंत्रातून निघणाऱ्या पावत्या, ज्या उष्णतेने छापतात, त्याही मऊ पीव्हीसीखाली लवकर पुसट होतात. पॉलिस्टरची किंवा पॉलिप्रॉपिलिनची फिल्म घ्या. थोडी करकरते, पण असा प्रताप करत नाही.

ॲल्युमिनियम फॉइलचा थर घालावा का, हे हमखास विचारतात. टेकवून पैसे देण्याची कार्डं १३.५६ मेगाहर्ट्झच्या लहरींवर चालतात, तीही काही सेंटीमीटरांच्या अंतरावरूनच. फॉइलने ती अडतात हे खरं. पण फॉइल पाकिटातला सगळ्यात वाईट दुमडणारा माल आहे, काही आठवड्यांत घडीवर तुटतं. घालायचंच असेल तर घडी टाळून, दोन्ही बाजूंना कार्डाएवढे वेगळे तुकडे घाला. मी घालत नाही. आणि बंद करायला चुंबकाचं बटण लावू नका. बँकेच्या कार्डाची काळी पट्टी बरीच टणक असते, पण हॉटेलच्या खोलीच्या कार्डाची सहज पुसली जाते.

मग घ्यायचं काय

पहिलं पाकीट साध्या कागदाचं करा, फेकून द्यायला. त्यात खरी कार्डं आणि तुमच्याकडची सगळ्यात मोठी नोट घालून बघा, दोन दिवस खिशात ठेवा. मापाच्या सगळ्या चुका तिथे निघतात. दुसरं टायवेकचं, टेपने जोडलेलं. माल हलका, न विरणारा, घडीला पक्का, पाण्याला न भिणारा, आणि एक मोठा लिफाफा मिळाला तर सगळं पाकीट त्यातच निघतं. दिसायला कागदी आहे हे कबूल. ज्यांना ते खटकतं त्यांनी बाहेरचा एकच तुकडा पातळ चामड्याचा किंवा कॉर्ड्युराचा लावावा, आत टायवेकच. डायनीमाकडे मी आता फक्त न दुमडणाऱ्या, कार्डाएवढ्या म्यानासाठी जातो. तिथे घडीच नाही, त्यामुळे त्याचा दोष निघतच नाही.

माझ्या सध्याच्या पाकिटाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने तारीख लिहिलेली आहे. चौदा महिने झाले. घडी अजून शाबूत, टेप एका जागी अर्धा सेंटीमीटर सुटली होती ती पुन्हा दाबली. खालचा उजवा कोपरा, जो खिशाच्या शिवणीला घासतो, तो मात्र लव आल्यासारखा झाला होता. त्याच लिफाफ्याच्या उरलेल्या तुकड्यातून नखाएवढं गोल कापून, टेप लावून, आतून-बाहेरून दुमडून बसवलं. वजन पुन्हा केलं. काट्याचा आकडा हलला नाही.